दोनदा पडलेलं गाणं

‘अहा!’ असं तुम्ही केव्हा म्हणता, सांगा पाहू?

आमच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला आणि उत्तरांचा नुसता पाऊस पडला. ‘तिखट-मीठ लावलेला पेरू खाताना!’ ‘उन्हातून आल्यावर माठातलं पाणी पिताना!’ ‘गणिताच्या तासाला बाई आल्याच नाहीत तर!’ हे शेवटचं उत्तर कोणी दिलं ते मला बरोबर कळलं होतं. पण कळलं नाही असं मी दाखवलं.

तर मुलांनो, याच नावाचा एक बँड आहे. ‘अ-हा’! आणि तो आपल्याकडचा नाही बरं का, पार नॉर्वेचा आहे. युरोपचा नकाशा उघडलात की वरच्या टोकाला, समुद्राने कुरतडलेल्या किनाऱ्याचा जो लांबोळका देश दिसतो तो नॉर्वे. त्याच्या राजधानीत, ऑस्लोत, १९८२ साली तीन तरुण मुलं एकत्र आली. पॉल वॉक्टार गिटार वाजवायचा, मॅग्ने फुरुहोल्मेन कीबोर्ड वाजवायचा आणि मॉर्टेन हार्केट गायचा. बँडला नाव काय द्यावं, यावर खल चालला होता. मॉर्टेनने पॉलची वही चाळली, तर तिच्यात एका गाण्याला नाव दिलेलं दिसलं, ‘अ-हा’. गाणं बाजूला राहिलं आणि नाव बँडला लागलं. हा उद्गार कितीतरी भाषांत जवळजवळ सारखाच आहे, हे आपल्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार!

या बँडचं सर्वांत गाजलेलं गाणं म्हणजे ‘टेक ऑन मी’. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण त्याच्या सुरुवातीची कीबोर्डची टुणटुण उड्या मारणारी धून कुठे ना कुठे नक्की कानावर पडली असेल. मी ती पहिल्यांदा मामाच्या टेपरेकॉर्डरवर ऐकली. त्याच्याकडे मित्राकडून भरून आणलेली एक कॅसेट होती, तिच्यावर निळ्या शाईने नुसतं ‘इंग्रजी’ असं लिहिलेलं. शब्द मला एक समजत नव्हता. पण गाणं सुरू झालं की आम्ही भावंडं पलंगावर उड्या मारायचो आणि आजी ओरडायची.

हे गाणं वर्गात कसं आलं, ती खरी सांगायची गोष्ट.

त्या वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला आणि आमच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव यादीत नव्हतं. तिचं नाव इथे सांगत नाही, तिला आवडणार नाही. ती येणारच, असं सगळी शाळा धरून चालली होती. मीसुद्धा. मी तर तसं तिच्या आईला बोलूनही दाखवलं होतं. निकालानंतर ती शाळेत यायची, वही काढायची, लिहून घ्यायची. पण तिचा हात वर जायचा थांबला. पूर्वी मी प्रश्न पुरा विचारायच्या आत तिचा हात वर असायचा. आता उत्तर येत असलं तरी ती बाकावरच्या रेघा नखाने कोरत बसायची.

मग एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, मी मोबाइल आणि छोटा स्पीकर घेऊन गेले. बाहेर पाऊस होता, कवायत रद्द झाली होती. गाणं वाजवलं, मुलं नाचली. मग मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

१९८४ – पडलं.
१९८५ – पुन्हा पडलं.
१९८५ – पहिलं!

आणि सांगितलं, ‘बघा, दोनदा पडलं तरी त्यांनी सोडलं नाही. तिसऱ्यांदा आणलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणून प्रयत्न सोडायचे नाहीत.’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात कित्येक आठवड्यांनी तो हात वर झाला. ‘बाई, आणि तिसऱ्यांदाही पडलं असतं तर?’

मी म्हटलं, ‘तर चौथ्यांदा आणलं असतं.’

ती म्हणाली, ‘आणि चौथ्यांदा?’

घंटा झाली म्हणून मी वाचले. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. मुलीने प्रश्न चोख विचारला होता आणि मी उत्तर बनवून दिलं होतं. घरी जाऊन त्या गाण्याविषयी मिळेल ते वाचलं, त्या तिघांच्या मुलाखती ऐकल्या. तेव्हा लक्षात आलं, मी गोष्ट चुकीची सांगितली होती. साल, आकडे बरोबर होते, पण गोष्ट चुकीची! पुढच्या शनिवारी ती पुन्हा सांगावी लागली. तुम्हालाही तीच दुसरी गोष्ट सांगते.

आधी हे समजून घ्या की गाणं ‘पडलं’ म्हणजे काय. त्या काळी गाणी तबकडीवर मिळत. मोठ्या तबकडीवर आठ-दहा गाणी असत, तो अल्बम. आणि एक छोटी, सात इंची तबकडी असे. तिच्या एका बाजूला एकच गाणं आणि उलट्या बाजूला दुसरं एखादं. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या या तबकडीला ‘सिंगल’ म्हणत. लोक खिशातले पैसे मोजून एका गाण्यासाठी ती विकत घेत. ब्रिटनमध्ये दुकानांतून आठवड्याला कोणत्या सिंगल किती खपल्या यावरून दर आठवड्याला यादी लागे. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ नावाच्या साप्ताहिकाची ‘हॉट १००’ ही यादी असे. तिच्यात दुकानातला खप आणि रेडिओवर गाणं किती वाजलं, हे दोन्ही धरत. आणि गंमत ऐका, त्या काळी हा खप दुकानदार सांगतील तो! बारकोडवरून खरी मोजणी तिथे नोव्हेंबर १९९१ मध्ये सुरू झाली. म्हणजे ही यादी गाणं चांगलं की वाईट हे सांगत नव्हती. या आठवड्यात या देशात काय खपलं, काय वाजलं, एवढंच ती सांगत होती.

आता गाण्याकडे येऊ. ती टुणटुण धून पॉल आणि मॅग्ने यांना फार आधी, अगदी पोरवयात सुचली होती. त्यांचा तेव्हा ‘ब्रिजेस’ नावाचा दुसराच बँड होता. त्या धुनेला ते थट्टेने ‘ज्यूसी फ्रूट’चं गाणं म्हणायचे, कारण ती च्युइंगगमच्या जाहिरातीसारखी वाटायची! पॉलला ती फारशी रुचत नव्हती, फार गोडगोड आहे म्हणे. मॉर्टेनला मात्र तिच्यात काहीतरी दिसलं. त्याचा आवाज कुठल्या कुठे चढतो हे पाहून गाण्याचं धृपद बांधलं गेलं. ते खर्जात सुरू होतं आणि एकेक पायरी चढत, शेवटी इतक्या वर जातं की आमच्या वर्गातल्या पोरांनी तिथपर्यंत जायचा प्रयत्न केला तेव्हा शेजारच्या वर्गातले गुरुजी काय झालं म्हणून बघायला आले.

नॉर्वेत राहून जगभर पोचणं अवघड, म्हणून १९८३च्या सुरुवातीला हे तिघे लंडनला गेले. तिथे हाताशी पैसा नाही, खोली कोंदट, आणि गाणी कंपन्यांना ऐकवत हिंडायचं. अखेर वॉर्नर कंपनीने करार केला. १९८४ मध्ये ‘टेक ऑन मी’ पहिल्यांदा बाजारात आलं. टोनी मॅन्सफिल्ड यांनी ते ध्वनिमुद्रित करवून घेतलं होतं. सोबत एक चित्रफीत होती. निळ्या पडद्यापुढे तिघे गात-वाजवत आहेत, एवढंच. ब्रिटनमध्ये गाणं पहिल्या शंभरातही आलं नाही.

पण थांबा. नॉर्वेत तेच गाणं, तीच तबकडी, तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली होती! मी फळ्यावर ‘पडलं’ लिहिलं ते लंडनच्या दुकानात उभं राहून लिहिलं होतं. ऑस्लोत उभी असते तर दुसरंच लिहिलं असतं. पहिल्या वेळी ही गोष्ट मी गाळली होती. मला ‘पडलं, पडलं, पहिलं’ हे तालात बसवायचं होतं ना!

दुसरी वेळ. बँडचे व्यवस्थापक टेरी स्लेटर यांनी हट्ट धरला की गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करायचं. त्यासाठी ॲलन टार्नी या संगीत-निर्मात्याला गाठलं. चाल तीच, पण गाण्याचं अंगच बदललं. वाद्यांना वजन आलं, आवाज पुढे आला. आज आपण ऐकतो ते गाणं हेच. १९८५ मध्ये ते पुन्हा बाजारात आलं, आणि पुन्हा पडलं.

इथे जरा थांबा. जे गाणं पुढे जगाने डोक्यावर घेतलं, नेमकं तेच गाणं, एका सुराचाही फरक न होता, आधी ब्रिटनमधल्या दुकानांत पडून राहिलं होतं. गाण्यात आता काही कमी नव्हतं. ते लोकांपर्यंत जात नव्हतं.

मग अमेरिकेतल्या वॉर्नर कंपनीचे जेफ आयेरॉफ यांनी ठरवलं की याला साजेशी चित्रफीत करायची. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ पासून ‘एमटीव्ही’ ही गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी वाहिनी सुरू झाली होती. गाणं ऐकायचं तसं ‘बघायचं’ही झालं होतं. दिग्दर्शक घेतले स्टीव्ह बॅरन. मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’ची चित्रफीत त्यांचीच. आणि चित्रं काढायला मायकल पॅटर्सन आणि कँडेस रेकिंगर.

चित्रफितीची कथा तुम्हाला आवडेलच. एक मुलगी उपाहारगृहात बसून चित्रकथेचं पुस्तक वाचते आहे. मोटारसायकलच्या शर्यतीची कथा. जिंकलेला मुलगा चित्रातूनच तिच्याकडे बघून डोळा मिचकावतो आणि पेन्सिलीने काढलेला त्याचा हात पुस्तकातून बाहेर येतो! ती हात धरते आणि पुस्तकात शिरते. इकडे उपाहारगृहातल्या बाईंना वाटतं, पोरगी पैसे न देता पळाली. त्या रागाने पुस्तक चुरगाळून केराच्या डब्यात टाकतात. आत दोघांचे हाल! ‘मग बाई?’ ‘मग काय, बघा स्वतः,’ म्हटलं.

ही चित्रं कशी केली माहीत आहे? आधी खऱ्या माणसांचं चित्रीकरण केलं. मग त्यातलं एकेक चित्र घेऊन त्याच्यावरून पेन्सिलीने हाताने रेखाटन. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. तुम्ही पुस्तकातलं चित्र खिडकीच्या काचेवर धरून वरच्या कागदावर छापता ना, तीच ही युक्ती! माझ्या वर्गात कोणी असं छापलेलं चित्र आणलं की मी रागावत असे, ‘स्वतः काढ’ म्हणून. हे वाचल्यापासून जरा जपून रागावते.

अशी सुमारे ३,००० चित्रं, १६ आठवडे. लगेच वर्गात गणित घातलं. १६ आठवड्यांचे दिवस ११२. म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज जवळजवळ २७ चित्रं! ‘बाई, हात दुखला नसेल?’ दुखला असणारच.

चित्रफीत एमटीव्हीवर दिसू लागली आणि गाणं अमेरिकेच्या यादीत चढत चढत १९ ऑक्टोबर १९८५च्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर पोचलं. अमेरिकेच्या त्या यादीत पहिला आलेला हा पहिलाच नॉर्वेजियन बँड. ब्रिटनमध्ये गाणं तिसऱ्यांदा आणलं तेव्हा ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. वर जेनिफर रश या गायिकेचं गाणं ठाण मांडून बसलं होतं. १९८६ साली एमटीव्हीच्या सोहळ्यात या चित्रफितीने ६ पुरस्कार मिळवले. वर्षातली सर्वोत्तम चित्रफीत मात्र दुसरीच ठरली, डायर स्ट्रेट्स या बँडची. आणि तीही दिग्दर्शित केली होती स्टीव्ह बॅरन यांनीच! म्हणजे हा गृहस्थ स्वतःकडूनच हरला, की जिंकला? यावर आमच्या वर्गात दहा मिनिटं भांडण चाललं.

गोष्ट इथपर्यंत आली तेव्हा मी त्या मुलीकडे वळले. म्हटलं, ‘तुझ्या प्रश्नाचं मागच्या वेळी मी खोटं उत्तर दिलं. तिसऱ्यांदाही पडलं असतं तर बहुतेक कंपनीने पैसे घालणं थांबवलं असतं. ती मुलं कदाचित नॉर्वेला परत गेली असती. आणि मी तुम्हाला ही गोष्ट सांगितलीच नसती. पडून राहिलेली गाणी पुष्कळ असतील, त्यांतली काही याच्याइतकीच चांगलीही असतील. त्यांची गोष्ट सांगायला कोणी जात नाही, म्हणून आपल्याला वाटतं की तिसऱ्यांदा सगळीच उठतात.’

वर्ग अगदी शांत झाला. असं बोलावं की नाही, मलाही कळेना. लहान मुलांना हिंमत द्यायची, असं आम्हाला डीएड्ला शिकवलेलं. पण ती माझ्याकडे सरळ बघत होती, आणि बरेच दिवस ती कोणाकडेच सरळ बघत नव्हती.

मग मी आणखी एक गोष्ट सांगितली. ती आजवर वर्गात कधी सांगितली नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा पहिल्यांदा झाली. गुण १५०, पास व्हायला मला हवे होते ९०. मला पडले ८४. ‘बाई, तुम्ही नापास?’ मागच्या बाकावरून आवाज आला, त्यात दुःखापेक्षा आनंदच जास्त होता! हो, नापास. आणि पंधरा दिवस घरी सांगितलं, अजून निकाल लागला नाही. वडील रोज विचारायचे, मी रोज तेच सांगायचे.

मुलीने विचारलं, ‘मग तुम्ही परत तसाच अभ्यास केला, की वेगळा?’

किती नेमकं विचारलं बघा! पाच विषय, प्रत्येकी ३० गुण. इंग्रजीत मला ११ होते. मी आधी सगळाच अभ्यास पुन्हा पहिल्यापासून करत बसले होते, येणाऱ्या गणिताचासुद्धा. मग एका मैत्रिणीने गुणपत्रक हातात धरून इंग्रजीवर बोट ठेवलं. त्यानंतर इंग्रजी कानावर पडावं म्हणून बातम्या ऐकल्या, मामाची ती कॅसेटही शोधून काढली. टेप चिकटली होती, म्हणून गाणी मोबाइलवर ऐकली. एकेक शब्द लिहून अर्थ लावला. ‘टेक ऑन मी’ या नावाचाच अर्थ सरळ लागेना. नंतर कळलं, इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे त्यांनाही ते नाव जरा वाकडंच वाटतं. लिहिणारे नॉर्वेचे, इंग्रजी आपल्यासारखीच शिकून आलेली! वाचून मला इतका धीर आला की काय सांगू. पुढच्या परीक्षेत मी पास झाले. नोकरी लागायला त्याहूनही बरीच वर्षं गेली, पण ते राहू दे.

त्या बँडचं पुढे काय झालं? अमेरिकेच्या यादीत ते पुन्हा कधी पहिल्या दहातही आले नाहीत. तिथे पुष्कळजण त्यांना ‘एका गाण्याचा बँड’ म्हणतात. ब्रिटनमध्ये त्यांचं लगेचचं दुसरं गाणं जानेवारी १९८६ मध्ये पहिलं आलं. आणि १९९१ मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात माराकाना मैदानावर त्यांना ऐकायला तिकीट काढून १,९८,००० माणसं जमली! आता सांगा, हा बँड चालला की पडला? ते कोण मोजतंय आणि कुठे उभं राहून मोजतंय, त्यावर आहे. ‘टेक ऑन मी’ची चित्रफीत फेब्रुवारी २०२० मध्ये यूट्यूबवर १०० कोटी वेळा बघून झाली. त्यात आमच्या वर्गाचा वाटाही आता थोडा आहे.

नंतरच्या आठवड्यात मुलांनी चळतीची चित्रं करायला घेतली. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांचे तुकडे, प्रत्येक पानावर थोडं पुढे सरकलेलं चित्र, आणि अंगठ्याने सरसर पानं सोडली की चित्र हलतं. कोणी बॅट फिरवणारा खेळाडू काढला, कोणी उघडझाप करणारा डोळा. तिने शेळी काढली, कुंपणावरून उडी मारणारी. २४ पानं. पहिल्या वेळी शेळी उडी मारण्याऐवजी कुंपणातून आरपार गेली. सगळे हसले, तीही हसली. मग ती मधली सहा पानं घेऊन खिडकीपाशी गेली आणि काचेवर धरून पुन्हा काढू लागली. पहिली नऊ आणि शेवटची नऊ तिने तशीच ठेवली.

शिष्यवृत्तीची परीक्षा पुढे पुन्हा असते. बसणार का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

शेवटच्या तासाला मी त्यांना त्याच गाण्याचं आणखी एक रूप ऐकवलं. जून २०१७ मध्ये नॉर्वेच्या गिस्के नावाच्या बेटावर, थोड्या श्रोत्यांपुढे त्या तिघांनी ते गायलं आहे. ती टुणटुण नाही, उड्या नाहीत, ढोल नाही. पन्नाशी उलटलेला मॉर्टेन अगदी सावकाश गातो. तेच गाणं आहे हे मुलांना निम्मं संपेपर्यंत कळलं नाही. दोघातिघांनी जांभया दिल्या. एकाने विचारलं, ‘बाई, हे कोणी मेल्यावर लावायचं आहे का?’

ती खिडकीपाशीच होती, पेन्सिल हातात धरून. गाणं संपलं तेव्हा म्हणाली, ‘बाई, हेच परत लावा.’